पूरबांधावर बाग : नदीकाठच्या गावांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वैनगंगेच्या काठी आमचं गाव आहे. ऑगस्ट २०२० च्या पुरात जुना, अरुंद बांध कसाबसा टिकला. त्यानंतर तो रुंद केला, उतार सौम्य केले आणि आज सकाळ-संध्याकाळ सगळं गाव त्यावर फिरायला असतं. तो पाहायला वडसा, आरमोरी, पवनीकडून माणसं येतात, वर्धा नदीच्या काठावरूनही येतात, आणि बहुतेकांचे प्रश्न तेच असतात. समजावताना मी समुद्रकाठच्या बांधांची आणि उधाणाची, म्हणजे वादळात समुद्र फुगून आत घुसतो त्याची, उदाहरणं देतो. मी आयुष्यभर पाटबंधाऱ्याच्या मातीकामावर नोकरी केली आहे. त्या अनुभवातून जी उत्तरं देत आलो, ती इथे लिहून ठेवतो.

विदर्भात समुद्र नाही. मग तुम्ही समुद्राच्या उधाणाची उदाहरणं का देता?

बांध आणि बाग एकाच जागी बसवण्याचा सर्वात जास्त विचार समुद्रकाठच्या शहरांनी केला आहे. तिथे जमीन महाग आणि किनारा सगळ्यांना हवासा. नुसती उंच भिंत घातली की लोकांचा समुद्र दिसेनासा होतो, म्हणून त्यांना हा मार्ग शोधावा लागला. आपल्याला त्यांच्याकडून शिकता येतं.

दुसरं, समुद्र आपल्याला वाटतो तितका लांब नाही. पावसाळ्यात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार होतो, ओडिशात चढतो, छत्तीसगडवरून पश्चिमेकडे सरकतो आणि पूर्व विदर्भ किंवा मध्य प्रदेशावर येऊन बरसतो. तेच पाणी पुढे वैनगंगेतून आपल्या दारात येतं.

उधाण आणि नदीचा पूर, बांधाच्या दृष्टीने फरक काय?

वेळेचा. वादळ आलं की हवेचा दाब उतरतो. हवेचा दाब हेक्टोपास्कलमध्ये मोजतात; एक हेक्टोपास्कल दाब उतरला की समुद्र साधारण एक सेंटीमीटर फुगतो. खरा मारा मात्र वाऱ्याचा असतो, तो पाणी ढकलत किनाऱ्यावर आणून रचतो. त्यात भरतीची वेळ जुळली तर अनर्थ होतो. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री नेदरलँड्समध्ये हेच झालं आणि १,८३६ माणसं गेली. पण असं उधाण बहुधा काही तासांत उतरतं.

आपली नदी तशी नाही. वर मध्य प्रदेशात संजय सरोवर धरणाचं पाणी सुटलं, गोसीखुर्द धरणाचे ३३ दरवाजे उघडले, की पाणी बांधाला दिवसेंदिवस टेकून बसतं. समुद्राच्या बांधाला लाटांचे तडाखे सोसावे लागतात, आपल्या बांधाला मुरणारं पाणी. तडाखा डोळ्यांना दिसतो. मुरणं दिसत नाही, आणि म्हणूनच बांधावर माणसांची रोजची ये-जा हवी असं मी म्हणतो. बागेचं खरं काम तेच आहे, शोभा त्यानंतर.

जगात असे बांध कुठे आहेत?

बरेच आहेत. मला शिकवून जाणारे चारच सांगतो.

जर्मनीत हॅम्बुर्गला फेब्रुवारी १९६२ मध्ये उधाण आलं आणि ३१५ माणसं दगावली. त्यानंतर एल्ब नदीच्या काठी पूरभिंत बांधली. ती जुनी झाल्यावर नव्याने बांधताना वास्तुविशारद झहा हदीद यांच्या कार्यालयाने ६२५ मीटर लांबीचा असा बांध आखला, की त्यावर रुंद फिरण्याची वाट आहे, आणि नदीकडे व शहराकडे दोन्ही बाजूंना पायऱ्या उतरतात. २०१९ मध्ये तो पूर्ण झाला. आपल्या नदीच्या घाटासारख्या त्या पायऱ्यांवर लोक जहाजं बघत बसतात.

नेदरलँड्समध्ये काटवेक नावाचं किनाऱ्यावरचं गाव आहे. तिथे बांध वाळूच्या टेकडीत दडवला आणि त्याच टेकडीच्या पोटात साडेसहाशेहून अधिक गाड्यांचा वाहनतळ केला. वरून पाहणाऱ्याला फक्त गवत आणि वाळू दिसते. गावकऱ्यांना समुद्र दिसायला हवा होता, तो अजून दिसतो.

सिंगापूरचं मरिना बॅरेज २००८ मध्ये सुरू झालं. ३५० मीटरचा बंधारा, नऊ दरवाजे. त्याच्या पंपघराच्या छतावर हिरवळ आहे आणि सुटीच्या दिवशी लोक तिथे पतंग उडवतात.

चौथं उदाहरण न्यूयॉर्कचं, आणि ते वादाचं आहे. २९ ऑक्टोबर २०१२ ला सँडी वादळाने त्या शहरात समुद्र घुसवला. मग पूर्वेच्या नदीकाठी चार किलोमीटरच्या आसपास संरक्षण उभारायचं ठरलं. लोकांबरोबर बसून आधी जो आराखडा झाला, त्यात बाग पुरात बुडू द्यायची आणि तिच्या मागे मातीचा बांध घालायचा होता. २०१८ मध्ये तो बदलला. अख्खी बागच आठेक फूट भर घालून उचलायची ठरली. त्यासाठी जवळपास हजार झाडं जाणार होती. लोक रस्त्यावर आले, कोर्टात गेले. काम पुढे गेलंच, पण मनं दुखावली ती दुखावली. कोणता आराखडा बरोबर यावर अभियंत्यांचं अजून एकमत नाही. मला त्यातून एवढंच दिसतं, की लोकांसमोर ठरलेली गोष्ट कचेरीत बसून बदलू नये. बदलायचीच असेल तर पुन्हा ग्रामसभेत यावं.

आपल्याकडे असं काही आधी होतं का?

होतं, आणि आपण ते रोज बघतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीच्या मुलखात कोहळी समाजाने तलाव बांधले. त्यांना आपण मामा तलाव म्हणतो, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, हे तिथे आजही सांगतात. या तलावांची पाळ म्हणजे मातीचा बांधच. पाणी सोडायला तुडूम, जास्तीचं पाणी जायला सलंग.

त्या पाळीवर गाव जगायचं. बायका धुणं घेऊन यायच्या. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैल धुवायला आणायचे. चिंचेखाली म्हातारी माणसं बसायची. दुपारी ढोरं पाण्यावर आणलेला गुराखी पाळीवरच भाकर खायचा. पाळीला उंदराने बीळ केलं तर ते कुणाच्या तरी पायाखाली यायचंच, आणि संध्याकाळपर्यंत पाटलाच्या कानावर जायचं. चार घमेली माती पडली की काम झालं. मालगुजारी, म्हणजे जुनी जमीनदारी, गेल्यावर तलाव सरकारकडे आले, पाळ कुणाचीच राहिली नाही. मग बेशरम नावाचं रानटी झुडूप माजलं, आणि जिथे बेशरम माजते तिथे माणूस पाय ठेवत नाही. नोकरीत मी फुटलेल्या पाळी पाहिल्या. त्यातल्या बहुतेक फुटण्याआधी कित्येक वर्षं कुणी चढलेलंच नव्हतं.

म्हणून हॅम्बुर्गचं नाव ऐकून दबून जायचं कारण नाही. ही कल्पना आपल्या आज्या-पणज्याला ठाऊक होती.

अशा बांधाला जागा किती लागते?

हिशोब सोपा आहे. बांध ३ मीटर उंच, माथा ४ मीटर रुंद, दोन्ही उतार एकास तीन, म्हणजे एक मीटर चढायला तीन मीटर आडवं. मग पायथा होतो ४ अधिक ९ अधिक ९, म्हणजे २२ मीटर. शंभर मीटर लांबीला २,२०० चौरस मीटर, अर्ध्या एकराहून थोडी जास्त जागा.

गावाकडचा उतार आणखी सौम्य, एकास पाच ठेवला तर पायथा २८ मीटर होतो. जागा वाढते, पण त्या उतारावर गवत कापता येतं, पोरं लोळतात, गुडघे दुखणारी माणसंही सावकाश चढतात. परवडत असेल तर हेच करा. काँक्रीटची भिंत मीटर-दोन मीटर जागेत उभी राहते हे खरं, आणि गावठाण अगदी काठावर असेल तर तिला इलाज नाही. पण भिंतीवर बाग होत नाही.

मातीचा अंदाज हवा असेल तर वरच्या पहिल्या मापाने शंभर मीटरला ३,९०० घनमीटर, म्हणजे सुमारे १,३८० ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). ही दाबून बसलेली माती. सैल माती त्याहून जास्त आणावी लागते.

माती कोणती? तलावातला गाळ फुकट मिळतो, तो चालेल का?

बांधाच्या अंगात गाळ नको. त्यात कुजलेला पाला असतो, तो नंतर बसतो आणि पोकळी राहते. सगळ्यात वर, गवत धरायला वीतभर थर द्यायला मात्र गाळासारखं काही नाही.

आपली काळी माती पाणी अडवते, पण उन्हाळ्यात भेगाळते. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढी भेग आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तशी भेग बांधात पडली आणि जूनमध्ये एकदम नदी चढली तर? म्हणून काळी माती पोटात ठेवायची आणि वरून मुरमाचं जाड आवरण घालायचं. वीतभर थर, पाणी मारून, रोलर फिरवून, मग पुढचा थर. ट्रॉल्या रिकाम्या करत ढीग लावला आणि वरून जेसीबीने थोपटलं, याला बांध म्हणत नाहीत.

बांधावर झाडं लावायची ना? बाग म्हटली की सावली हवी.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि माझं उत्तर लोकांना आवडत नाही. बांधाच्या माथ्यावर आणि उतारावर मोठं झाड नको. झाड हिरवं आहे तोवर एक वेळ ठीक. ते मेलं, की मुळी आत कुजते आणि तिच्या जागी पोकळ नळी उरते. पाणी तीच वाट धरतं. वादळात झाड उन्मळलं तर बुंध्याबरोबर बांधाचा लचका जातो. वड-पिंपळ तर अजिबात नको, कितीही पुण्याचं वाटलं तरी.

जुन्या पाळींवर चिंचा आहेत, हे मी वर लिहिलंच आहे. त्या पाळी आपल्या बांधाहून कितीतरी रुंद आहेत, आणि त्या झाडांना आता हात लावू नये. नवीन बांधावर ती चूक करू नका एवढंच म्हणणं.

सावलीसाठी गावाकडच्या पायथ्यापासून सात-आठ मीटर सोडून रांग लावा. अर्जुन, करंज, जांभूळ, उंबर. अर्जुनाचे पाय पाण्यात राहिले तरी तो तक्रार करत नाही. उतारावर हरळी, आणि नदीकडच्या बाजूला वाळा. वाळ्याची मुळं खोल, सरळ खाली जातात आणि माती गच्च धरतात. बेशरम दिसली की त्याच दिवशी मुळासकट काढायची.

बाकडी, दिवे, पेव्हर ब्लॉक, ओपन जिम?

आमच्याकडे काय झालं ते सांगतो. बांध रुंद झाल्यावर माथ्यावर दिवे लावायचं काम निघालं. कंत्राटदाराच्या माणसांनी केबलसाठी माथ्यावर लांबच लांब, हातभर खोल नाली खणली, केबल टाकली आणि सैल माती लोटून बुजवली. मी गावात नव्हतो. पावसाळ्याच्या पहिल्या चार सरींत पाणी त्या नालीत उभं राहिलं आणि मुरलं. जुलैत माथ्यावर करंगळी जाईल एवढी भेग पडली आणि आठवड्याने नदीकडचा उतार वीस-पंचवीस फूट लांबीत खाली घसरला. पूर नव्हता म्हणून निभावलं. ती नाली पुन्हा पूर्ण उकरून, थर देऊन, धुम्मसने ठोकून भरावी लागली.

तेव्हापासून आमचा नियम एकच आहे : बांधात खोदायचं नाही. दिवे सौरऊर्जेचे, गावाकडच्या पायथ्याच्या बाहेर. बाकडी नुसती ठेवलेली, पाया न खणता. वाट मुरमाची, दाबलेली, दोन्हीकडे किंचित उतार दिलेली. पेव्हर ब्लॉकखाली काय चाललंय ते दिसत नाही, म्हणून नको. व्यायामाची यंत्रं पायथ्याशी मैदानात.

बाग नदीच्या बाजूला करायची की गावाच्या?

दोन्हीकडे होऊ शकते, पण दोन्हीकडची बाग वेगळी. नदीकडची बाग बुडणार हे धरूनच करायची : गवत, खेळायचं मैदान, मंडईची, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेची जागा, दंडार या लोकनाट्याचा फड. आपली मंडई दिवाळीनंतर भरते, तेव्हा नदी पात्रात असते. तिथे भिंती, शौचालय, टपऱ्या नकोत. निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते, बाग आणि मैदान चालतं. जलसंपदा विभागाकडून आपल्या गावाच्या रेषा मागून घ्या आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवा.

नेदरलँड्समध्येच नायमेखन शहराने याच विचाराने वाल नदीचा बांध ३५० मीटर मागे घेतला, नदीला जास्तीचा एक प्रवाह खणून दिला आणि मधल्या बेटावर बाग केली. त्यासाठी पन्नासेक घरं हलवावी लागली. तो निर्णय सोपा नव्हता. पण नदीला जागा दिली की बांधाची उंची कमी लागते.

बांधाच्या आत, गावात पडलेला पाऊस कुठे जाणार?

हा प्रश्न विचारणाऱ्याने काम समजून घेतलंय असं मी समजतो. नदी चढलेली असताना गावचा नाला बाहेर जाऊ शकत नाही, आणि बांधच गावाला बुडवतो. कोकणात खारजमिनीच्या बंधाऱ्यांना उघाडी असते : ओहोटीला आतलं पाणी झडप ढकलून बाहेर जातं, भरतीला बाहेरचं पाणीच झडप दाबून बंद करतं. सिंगापूरचं बॅरेजही मोठ्या मापात हेच करतं, भरती असेल तर पंप लावून. आपल्याकडे नाल्याच्या तोंडाशी अशी झडप हवी, आणि झडप बंद असताना पाणी थांबायला आत एक खोलगट जागा. ती बोडी, म्हणजे लहान तळं, म्हणून ठेवा. आठ महिने तिथे पोरं क्रिकेट खेळतील. मोठ्या पुरासाठी एक डिझेल पंप तयार हवा, आणि तो जूनच्या आधी एकदा सुरू करून बघायला हवा.

ढोरं चढू द्यायची का?

नाही. खुरांनी उतार खचतो आणि त्याच पायवाटेने पाणी ओहोळ पाडतं. नदीवर जायला दगडी फरशीचा एक उतरंड रस्ता करून द्या, गुराखी भाऊ स्वतःच वाट बदलतात. गवत मात्र कापून न्यायला मोकळीक ठेवा. कापलेल्या गवतात घुशीचं बीळ लगेच दिसतं.

पुराच्या रात्री बांधावर काय बघायचं?

गावाकडचा पायथा. सगळे नदीकडे टॉर्च मारतात, आणि धोका पाठीमागे असतो.

२०२० च्या त्या ऑगस्टमध्ये आमच्या देवळामागे रोज फुलं तोडायला जाणाऱ्या एका मावशींनी दुपारी सांगितलं, “भाऊ, कालपासून तिथे पायाखाली ओल लागते.” रात्री आम्ही पाच जण गेलो. जमीन दाबली की डुगडुगत होती. ओंजळीएवढ्या जागेतून पाणी बुडबुडत होतं आणि भोवती बारीक वाळूचं गोल कडं झालं होतं, मुंग्यांच्या बिळाभोवती असतं तसं. मी स्टीलच्या गिलासात ते पाणी घेतलं आणि टॉर्च धरली. तळाशी माती बसत होती.

पाझर स्वच्छ असेल तर लक्ष ठेवायचं. गढूळ असेल तर बांधाची माती आतून वाहते आहे. तेव्हा तोंड बुजवायला जाऊ नका, पाणी दुसरीकडून फुटेल. आम्ही त्या जागेभोवती रेतीच्या पोत्यांचं कडं रचलं, कंबरेपर्यंत. आतलं पाणी वर चढलं तसा त्याचाच दाब खाली बसला, आणि पहाटेपर्यंत गिलासातलं पाणी नितळ झालं. पाणी येऊ द्यायचं, माती येऊ द्यायची नाही. त्याच वेळी दुसऱ्या टोकाला घरं रिकामी करणं सुरू होतं. ते आधी, पोती नंतर.

पूर ओसरला की लगेच फिरायला जाऊ का?

नाही. दोन-चार दिवस बाग बंद. नदी झपाट्याने उतरते, पण बांधाच्या पोटातलं पाणी तितक्या लवकर निघत नाही. ओला, जड झालेला नदीकडचा उतार टेकू गेल्यासारखा घसरतो. पुरात टिकलेले बांध ओसरताना ढासळलेले मी पाहिले आहेत.

आपण बांध घातला तर समोरच्या काठावरच्या गावाचं काय?

पाणी कुठेतरी जाणारच. आपला काठ उंच केला की समोर पातळी वाढू शकते. किती, ते जलसंपदा विभागाकडून मोजून घ्यायचं आणि समोरच्या ग्रामपंचायतीला काम सुरू होण्याआधी कळवायचं. त्या गावात आपल्या लेकी दिल्या आहेत. त्यांच्या दारात पाणी लोटून आपण बागेत बसायचं, हे मला मान्य नाही. आराखडा दोन्ही काठांचा मिळून व्हावा.

बांध झाला म्हणजे पुराची चिंता मिटली ना?

नाही. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीने मोवाड बुडवलं, २०४ माणसं गेली. बांध ठरावीक उंचीच्या पाण्यासाठी असतो, नदी ती उंची पाळेलच असं नाही. इशारा आला की गाव सोडायचं, बांध असला तरी.

देखभाल कुणी करायची?

कागदावर ज्या विभागाचा बांध असेल त्याने. पण विभागाचा माणूस वर्षातून दोनदा येतो, पावसाळ्याआधी आणि नंतर. रोज येणारे आपण. आमच्या बांधावर दर पन्नास मीटरला दगड रोवून आकडे रंगवले आहेत, पायथ्याच्या बाहेर. सकाळी फिरणाऱ्या कुणालाही बीळ, भेग, ओल दिसली की तो दगडाचा आकडा ग्रामपंचायतीतल्या वहीत लिहितो, आणि शिपाई त्याच दिवशी जाऊन बघतो. वहीतली शेवटची नोंद परवाची आहे : दगड १४, नदीकडे, खेकड्याची दोन बिळं, हाताची चार बोटं आत जातात.